दिवसाला एक मिलिमीटर

११ जानेवारी

लॅबच्या वहीत मत लिहायचं नसतं. काय घातलं, किती घातलं, किती वेळ ठेवलं, एवढंच. म्हणून ही दुसरी वही. ही कोणी तपासणार नाही आणि मी कोणाला दाखवणार नाही.

बाबांच्या उजव्या हाताचं ऑपरेशन गुरुवारी झालं. दिवाळीनंतर गॅलरीच्या खिडकीची काच पुसताना ते स्टुलावरून सरकले आणि काच मनगटात घुसली. तेव्हा टाके घालून रक्त थांबवलं, पण आतला मज्जातंतू तुटलेला आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभराने कळलं. तोवर दोन्ही टोकं आखडून मध्ये अठ्ठावीस मिलिमीटरची फट पडली होती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळीचा तंतू वेगळा, तो वाचला.

त्या फटीत डॉ. नाबरांनी आमची नळी शिवली. आमची म्हणजे मी कातलेली. रेशमातलं प्रथिन आणि शरीरात हळूहळू विरणारं प्लास्टिक यांचा पाक करायचा, तो सुईतून विजेच्या ओढीने बाहेर काढायचा, की केसाच्या शंभराव्या हिश्शाचं सूत निघतं. ते फिरत्या दांडीवर गुंडाळलं की नळी. आतलं सगळं सूत एकाच दिशेने. तुटक्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि त्या सुताच्या कडेकडेने चालत पलीकडे पोचतात. दिवसाला एक मिलिमीटर. कितीही आरडाओरडा करा, त्याहून वेगाने जात नाहीत. फट धरून बोटांच्या टोकापर्यंत वीस सेंटिमीटर. म्हणजे जुलैअखेर.

बाबा या प्रयोगातले चौथे पेशंट. बाप माझा म्हणून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीने अट घातली की हाताची तपासणी मी करायची नाही. ती थेरपिस्ट रुपाली करेल, तीच नोंदवेल. मी नुसती हजर राहू शकते. ठीक आहे. मला उभं राहता येतं.

ऑपरेशनच्या आधी बाबांना लॅब दाखवली होती. ते जिथे विणकर होते त्याच कापड गिरणीच्या आवारात ती आहे, विणकाम खातं होतं साधारण त्याच जागी. आता काचेच्या भिंती आणि एसी. ते बराच वेळ त्या फिरत्या दांडीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सूत चांगलं आहे गो. पण एवढी शांतता? सूत काढताना आवाज होत नाय म्हणजे कसं काय?"

२ फेब्रुवारी

आमच्या घरात आवाज नसतो हे मला बाहेरच्यांनी सांगितल्यावर कळलं. आज शेजारची प्रिती म्हणाली, "तुमच्या खोलीत माणसं राहतात की नाही तेच समजत नाही."

पंचवीस वर्षं गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मध्ये उभं राहून बाबांचे कान गेले. खात्यात कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही, सगळे ओठांनी बोलायचे. बाबांनी ते बोलणं घरी आणलं. आई लग्नानंतर शिकली आणि मी म्हणे बोलायच्या आधी शिकले. अजूनही आम्ही हाक मारत नाही. समोर येऊन नजर मिळवायची आणि नुसते ओठ हलवायचे. कानातलं मशीन मी दोनदा आणून दिलं, दोन्ही वेळा डब्यात गेलं. त्यांना गरजच नाही. गॅलरीत बसले की समोरच्या बसस्टॉपवरचं भांडण इकडे सांगतात, कोण कोणाला काय म्हणालं त्यासकट. काळाचौकीत ते यासाठी प्रसिद्ध आहेत.

आई जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी ते तिच्या कपाटासमोर बसतात आणि त्यांचे ओठ हलत असतात. मध्ये थांबतात, ऐकल्यासारखी मान डोलवतात, पुन्हा बोलतात. मी तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याकडे जाते. तिथून काय बोलतात ते वाचता येत नाही, आणि मला वाचायचंही नसतं.

२० फेब्रुवारी

रुपालीची पहिली तपासणी. मी लॅबमध्ये होते, तिने फोन करून सांगितलं. हात पुठ्ठ्याच्या पडद्याआड ठेवतात, म्हणजे पेशंटला स्वतःची बोटं दिसू नयेत. मग नायलॉनच्या बारीक तारेने एकेका बोटाला टोचायचं आणि त्याने कुठलं बोट ते सांगायचं. दहा वेळा.

दहापैकी शून्य. अपेक्षित. तरी दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं.

रुपाली म्हणाली, घरी तुम्ही सराव घेत जा, ती तपासणी नव्हे, मेंदूला सवय राहावी म्हणून. तिने एक जादा तार पाठवली आहे.

९ मार्च

आज रविवार, म्हणून निवांत सराव घेतला. बुटांच्या खोक्याचा पडदा केला. बाबा टेबलापलीकडे माझ्यासमोर, हात पडद्याच्या माझ्या बाजूला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या बोटांकडे.

मधल्या बोटाला तार लावली.

"मधलं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, अंदाज. अंगठा. "अंगठा." पुन्हा मधलं. "मधलं." तर्जनीला सांगता आलं नाही, पण पुढच्या वेळी आलं. दहापैकी सात!

आज एकोणसाठावा दिवस. हिशेबाने नवे कोंब तळव्याच्या सुरुवातीलाही नीट पोचलेले नसणार. बोटांत अजून कोणी नाही. मग दार कोण उघडतंय?

आनंद झाला हे खरं. इतका की खोक्यासकट बाबांना मिठी मारली आणि त्यांनी "काय गो, काय झालं?" म्हणत माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. पण नंतर हात धुताना मी दिवसांचा हिशेब पुन्हा पुन्हा करत होते.

१६ मार्च

दहापैकी नऊ. पण ते नाही लिहायचं मला.

सहाव्या वेळी तार माझ्या हातातच होती. अंगठ्याला लावायची असं मी नुकतंच मनाशी ठरवलं होतं. वीतभर अंतर होतं. बाबा म्हणाले, "अंगठा."

मुद्दाम हात मागे घेतला, थांबले, आणि तर्जनी ठरवली. "तर्जनी," ते म्हणाले. तार अजून हवेतच.

मी शिकलेली बाई आहे. डॉक्टरेट आहे माझी. यालाही काही कारण असणारच.

२७ मार्च

हॉस्पिटलमध्ये दुसरी तपासणी. रुपालीने मास्क लावला होता, ती कायम लावते. मी नियमाप्रमाणे तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी होते. तिथून हातही दिसत होता आणि बाबाही. दहापैकी नऊ.

रुपालीने डॉ. नाबरांना बोलावून आणलं. त्यांनी स्वतः तार घेतली. आठ. ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. "दर्शना, असं होत नसतं," ते म्हणाले. मग हसले. "पण झालंय खरं."

परत येताना टॅक्सीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांचा खांदा हलवून विचारलं, बोटाला टोचलं की नक्की कसं वाटतं? ते माझ्याकडे वळले, थोडा वेळ माझा चेहरा न्याहाळला आणि म्हणाले, "चांगलं वाटतं." मग डाव्या हाताने माझा हात थोपटला. तुझं सगळं नीट होणार, असं काहीतरी होतं त्या थोपटण्यात. काळजी मी त्यांची करायची की त्यांनी माझी?

१४ एप्रिल

आज सुट्टी. बाबा ओट्याशी उभे राहून चहा करत होते आणि माझ्याकडे वळून ओठांनी खालच्या दुकानदाराची नक्कल करत होते. मी हसत होते. मग वास आला. दुधाचा नव्हता.

उजव्या हाताची दोन बोटं तापल्या पातेल्याच्या काठाला टेकलेली होती. तशीच. ते हसतच होते.

मी धावत जाऊन हात ओढला. तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकांना पांढरे फोड. बाबांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला, चोरी पकडल्यासारखा. "लक्ष नव्हतं गो," म्हणाले.

हात बरा होताना आधी दुखणं आणि चटका परत येतो, मग हलका स्पर्श. सगळ्या पुस्तकांत हाच क्रम. बाबांना केसासारखी तार कळते आणि पातेलं कळत नाही. क्रम उलटा आहे. कदाचित माझ्या नळीने उलटा केला असेल. हे लॅबच्या वहीत लिहायचं की नाही ते ठरलं नाही.

४ मे

हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन कापडाचे बारा तुकडे आणले. डोळे मिटून बाबांनी चाचपायचे आणि ओळखायचे. मांजरपाट, पॉपलीन, वायल, ड्रिल, बाराच्या बारा बरोबर, वर प्रत्येकाच्या विणीवर शेरा. "हा मांजरपाट? यातून तर समोरच्या बिल्डिंगीतला माणूस दिसेल." खूप दिवसांनी खुलले होते. तुकडा घेतला की करंगळी खालून घालतात आणि कड उलटी करतात, जुनी लकब असावी.

१८ मे

हे लिहू नये असं वाटतंय, पण दुसरीकडे लिहिणारही नाही.

टेबलावर ओणवून माझी पाठ धरली होती, म्हणून आज मी बाबांच्या मागे स्टूल घेऊन बसले. त्यांचा हात बाजूला, खोक्याआड. मला वाटलं होतं त्यांना जड जाईल, कारण मी काय करते आहे ते त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. दहापैकी दहा. चारदा तर तार टेकायच्या आधी.

मी समोर जाऊन ओठांनी विचारलं, बाबा, खरं सांगा. कसं कळतं तुम्हाला?

त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. "त्या कपाटाला विचार," म्हणाले आणि हसले.

समोर आईचं कपाट. तिच्या लग्नातलं, दाराला उभा आरसा. संध्याकाळ झाली होती, दिवा लावायचा राहिला होता. आरशात बाबांच्या खांद्यामागे मला आई बसलेली दिसली. क्षणभरच. मग ती मी झाले.

१९ मे

लॅबमधून आल्यावर पहिलं काम केलं ते आरशावर चादर टाकण्याचं. मी. जिने समितीसमोर अडीच तास आकडेवारी मांडली तिने.

मग बाबांच्या मागे बसून सराव घेतला. दहापैकी शून्य. त्यांनी प्रयत्नच केला नाही, नुसतं चादरीकडे बघत राहिले. तिसऱ्या खेपेनंतर म्हणाले, "आज नको करूया."

रडू आलं. मी उठून चादर काढली. आणि आता हसायला कोणी नाही म्हणून लिहिते, मी आरशाची माफी मागितली. आई, चुकलं, म्हटलं. पुन्हा बाबांच्या मागे जाऊन बसले. दहापैकी नऊ.

म्हणजे नळीतून जे पोचायला अजून दोन महिने आहेत ते तिच्याकडून येतंय. हे वाक्य मी लिहिलंय हे मला दिसतंय. खोडत नाही.

१२ जून

तारा लावून हाताची विजेची तपासणी झाली. मनगटावर झटका द्यायचा आणि अंगठ्याच्या स्नायूत तो पोचतो का ते पडद्यावर बघायचं. रेघ सरळ. बोटांचीही सरळ. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सरळ.

डॉ. नाबर दोन्ही कागद समोर ठेवून बसले होते. एकावर सरळ रेघ, दुसऱ्यावर रुपालीचे नऊ आणि त्यांचे स्वतःचे आठ. म्हणाले, "मशीनवर विश्वास ठेवला तर हात आत्ता उघडायला हवा. नळी काढायची, पायातला तंतू घेऊन तिथे जोडायचा. जितका उशीर तितका अंगठ्याचा स्नायू वाळणार. एकदा वाळला की नंतर तंतू पोचून उपयोग नाही, चिमटीत काही धरता येणार नाही जन्मभर. पण तुझ्या वडिलांवर विश्वास ठेवला तर उघडणं म्हणजे चालत आलेलं कापून टाकणं. नियमाप्रमाणे तुझं मत मी धरायला नको. तरी विचारतो. तुला काय वाटतं?"

काय वाटतं ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. "थांबू या," मी म्हटलं.

बाबा बाजूला बसून आमचे दोघांचे ओठ बघत होते. त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनीही मान डोलावली.

२४ जुलै

शर्टाचं बटण लागत नाही. मी लावून देते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे आता खळगा आहे. पाणी घातलं तर साठेल. रोज बघते आणि रोज वाटतं, कालच्याइतकाच आहे.

जुलै संपत आला. कोंब पोचायला हवे होते. ते पोचले तर नुसतं सुरळीत होईल सगळं, आईला त्रास द्यावा लागणार नाही.

७ ऑगस्ट

दोनदा लिहिणार आहे आज. आधी सकाळचं.

रुपालीकडे रुचिका आली होती. चोवीस वर्षांची कोळीण, आईबरोबर दादरला मासळी विकते. सुरमई कापताना कोयता निसटून डावा हात कापला. तिला पायातला तंतू द्यायचा की आमची नळी, हे येत्या आठवड्यात ठरणार. ज्याला लागू पडली तो माणूस मला बघायचाय, असा तिने हट्ट धरला. म्हणून बाबांच्या तपासणीच्या वेळी रुपालीने दोघांची परवानगी घेऊन तिला बाजूच्या खुर्चीत बसवलं.

दहापैकी नऊ. रुपालीने अभिमानाने रुचिकाकडे पाहिलं. ती मात्र माझ्याकडे बघत होती.

बाबा बाथरूमला गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "ताई, रागावू नको हां. तू त्यांना उत्तरं का सांगतेस?"

"मी? मी एक शब्द तरी बोलले का?"

"आवाज नाय गं. ओठ. रुपालीताईची तार कुठल्या बोटाकडे चालली ते बघतेस आणि बोटाचं नाव घेतेस. मग ते बोलतात. बाजारात गिऱ्हाईक समोर असलं की मी नि आई असाच भाव ठरवतो, म्हणून दिसलं मला." मग आवाज उतरवून म्हणाली, "मला खरं सांग. लागते का ही नळी? माझा हात आहे गं. माझं पोट त्याच्यावर आहे."

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. एकेक दिवस आठवत गेला. समोर बसलेले बाबा. मास्क लावलेली रुपाली आणि तिच्या मागे मोकळ्या चेहऱ्याची मी. करंगळीने चाचपलेलं कापड. आरसा. चादर. तार टेकण्याआधीची उत्तरं. मी तेव्हा बोट नुसतं मनाशी ठरवत नव्हते. आमच्या घरात मनातलं ओठांवर येतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

संध्याकाळी

घरी येऊन तोंडाला रुमाल बांधला. खोकं मांडलं. बाबांनी रुमालाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. तरी त्यांनी हात पुढे केला. दहापैकी शून्य. नंतर सुई घेतली, तर्जनीला रक्ताचा थेंब आला. ते माझ्या डोळ्यांकडे बघत वाट पाहत होते, मी कधी टोचते याची.

रुमाल काढला. आमचं पुढचं बोलणं आवाजाशिवायच झालं. हलले असतील तर नुसते ओठ. बाबा फार कासावीस झाले की गावाकडचं बोलतात.

"का केलंत असं? पाच महिने?"

"माका वाटला, तूच सांगतंस."

"म्हणजे?"

"साहेब फेरीवर इलो की जॉबर, आमच्या खात्याचो मुकादम, त्याच्या पाठीमागे उभो रवायचो. साहेब विचारी, जॉबर ओठांनी उत्तर सांगी, आणि आम्ही ताच बोलू. कोणी कधी त्याचो उच्चार करूक नाय. नोकरी टिकवची होती." ते थांबले. "तू त्या रुपालीच्या पाठीमागे उभी रवलंस. घरी सराव घेतलंस. मी म्हटलंय, पोरीचा काम अडलाहा. ती मागता हा."

"आणि कपाट?"

"आरशात दिसत होतंस गो. तू अगदी तुझ्या आयेसारखी, मंजुळासारखी दिसतंस त्यात."

"चटका बसला तेव्हा तरी बोलायचं! डॉक्टर म्हणाले अंगठा जन्मभराचा जाईल, ते वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलंय. हाताचा काय गो, अडुसष्ट वर्सां वापरलंय. तुझा काम नवा आसा." मग जरा रागाने, "तू मागलंस, मी दिलंय. बापाशीन आणखी काय करूचा?"

मी मागितलं नव्हतं. हे मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांना पटलं आणि तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला तो मला विसरायचा आहे. हात गेला याचं दुःख नव्हतं ते. पाच महिने त्यांनी मला लबाड समजलं होतं, याचं होतं.

आणि तसं समजूनही रोज सकाळी माझ्यासाठी चहा केला, सोललेल्या बोटांनी. मला त्याची लाज वाटते. त्यांनी मला सोडलं नाही याचीही वाटते.

८ ऑगस्ट

डॉ. नाबरांना सगळं सांगितलं. समितीला पत्र गेलं. उरलेल्या तीन पेशंटांच्या नोंदी बाहेरच्या माणसाकडून पुन्हा तपासल्या जातील. मी प्रयोगातून बाहेर. रुचिकाला पायातला तंतू मिळेल.

बाबांचा हात ११ सप्टेंबरला उघडणार. स्पर्श थोडाफार येईल, डॉक्टर म्हणाले. अंगठ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी जूनचा कागद काढून नुसता बघितला आणि परत ठेवला. मी थांबू या म्हटलं होतं तो दिवस.

१२ सप्टेंबर

काल झालं.

डॉक्टरांनी नळी बशीतून बाहेर पाठवली आणि मला बघू दिली. नंतर पॅथॉलॉजीच्या लतिकाताईंनी काप करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. आत काही नव्हतं. सूत जागोजागी विरायला लागलं होतं, पण जे होतं ते एकदम सरळ, एका दिशेने. इतकं सरळ मी पुन्हा कधी कातलेलं नाही. मनगटाकडून तंतू जेमतेम चार मिलिमीटर आत आला होता आणि दारातच वेटोळं करून बसला होता. पुढे चोवीस मिलिमीटर रिकामी वाट. आठ महिने.

दुपारी वॉर्डात बाबांची भूल उतरत होती. डोळे अर्धवट उघडे. नजर माझ्यावर नव्हती, कॉटच्या पायथ्याशी होती. ओठ हलायला लागले.

अंगठा. मग थोडा वेळ. मधलं. मधलं. तर्जनी. प्रत्येकाच्या मध्ये तेवढंच अंतर, तार उचलून पुन्हा टेकवायला लागतं तेवढं. दोनदा ते अडले, पायथ्याकडे नीट निरखलं, आईच्या कपाटासमोर डोलवतात तशी मान डोलवली आणि मग बोलले. मी वळून पाहिलं. तिथे पांढरी भिंत होती आणि सलाइनचा रिकामा स्टँड. आरसा नव्हता, काचही नव्हती.

दहा झाली तेव्हा ते थांबले. मान माझ्याकडे वळवली, मला ओळखलं, आणि ओठांनी विचारलं, "बरोबर?"

माझा तळवा तोंडावर होता. सात ऑगस्टपासून तो आपोआप तिथे जातो, लॅबमध्येसुद्धा. मी तो काढला नाही. नुसती मान हलवून हो म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले.